पहिलं पिल्लू कशानं गेलं

आमच्या घरात गजराचं घड्याळ कधी लागलंच नाही. उजाडायच्या आधीच गॅलरीतून पिपाण्या सुरू व्हायच्या. एक वाजली की दुसरी, दुसरीला तिसरी उत्तर देणार, आणि मग स्वयंपाकघरातून आईचा आवाज: "अहो, तुमच्या बँडपार्टीला जरा दमानं घ्यायला सांगा!" बँडपार्टी म्हणजे बाबांचे फिंच. झेब्रा फिंच. चिमणीच्या निम्मी पाखरं, चोच लालभडक, नराच्या गालावर विटकरी ठिपका आणि छातीवर पेनानं ओढल्यासारखे काळे पट्टे. मुलुंडला आमचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं, दोन खोल्या आणि एक लांबोडकी गॅलरी. ती गॅलरी आईला वाळवणासाठी हवी होती आणि बाबांना पक्ष्यांसाठी. रीतसर भांडण होऊन अर्धी-अर्धी वाटणी ठरली, पण बाबांची जाळी दर रविवारी वीतभर सरकायची. शेवटी आईच्या वाट्याला एक बादली आणि तुळशीची कुंडी तेवढी उरली. विम्याच्या ऑफिसात दिवसभर मान खाली घालून बसणारा हा माणूस घरी आला की शर्टसुद्धा न काढता जाळीसमोर स्टुलावर बसायचा आणि तोंडानं 'मीप, मीप' करायचा. पाखरं त्याला उत्तर द्यायची. आम्ही हाक मारली तर मात्र ऐकू यायचं नाही.

तो उन्हाळा मला आजही काल घडल्यासारखा आठवतो, कारण त्या उन्हाळ्यात फिंचच्या मडक्यात पहिल्यांदा अंडी फुटली. बाबांनी जाळीत लहान लहान मडकी आडवी टांगली होती, आत नारळाचा काथ्या. त्यातल्या एका मडक्यातून एके दिवशी इतका बारीक आवाज आला की मला वाटलं माझ्याच कानात काहीतरी वाजतंय. मी बाबांना ओढत नेलं. बाबांनी कान लावला, आणि बघता बघता त्यांचा चेहरा असा काही उजळला की बस. तीन पिल्लं होती. त्यातलं एक दांडगं, बाकीची दोन मागून फुटलेली, लिंबूटिंबू. बाबा रोज उकडलेलं अंडं कुस्करून ठेवायचे, अंड्याचं कवच कुटून एका झाकणात घालायचे. पक्ष्यांना चुना लागतो, हाडं बळकट होतात, असं ते मला सांगायचे. मोठी पाखरं राळ्याच्या भांड्यातून दाणे टिपायची, त्या पांढऱ्या कणांवर चोच मारायची आणि मडक्यात जाऊन पिल्लांच्या घशात सगळं ओतायची.

त्याच वेळी विमलआत्या गावाहून आलेली होती. विमलआत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. आजी लवकर गेली, तेव्हा हिनंच बाबांना वाढवलं, त्यामुळे बाबा तिच्यासमोर अजून अर्ध्या चड्डीतलेच होते. दर उन्हाळ्यात ती कोकणातून यायची, बरोबर आमसुलं, कुळथाचं पीठ, फणसाचे गरे आणि गावचं जाडं मीठ, कारण मुंबईच्या बारीक मिठाला चव नसते यावर तिचा ठाम विश्वास. ती आली की घराला वास यायचा, सकाळी घावण्यांचा आणि दुपारी सुकटीच्या किसमुरीचा. मुंबईत ती जरा जपून, शुद्ध बोलायचा प्रयत्न करायची. पण राग आला किंवा माया आली की मालवणी सुटायची, आणि या दोन्ही गोष्टी तिला दिवसातून बऱ्याचदा यायच्या.

आणि मंगलमावशी! ती नात्यानं मावशी नव्हे, खालच्या मजल्यावर एकटी राहायची. बँकेत नोकरी, लग्न केलं नाही, हसली तर जिन्यात घुमायचं. रहस्यकथा वाचायचं तिला व्यसन होतं. ऑफिसातून आली की चहाचा कप हातात घेऊन सरळ आमच्या गॅलरीत. बाबा आणि ती तासभर पाखरं बघत बसायची आणि एक शब्द बोलायची नाहीत, हे मला फार मजेशीर वाटायचं. माझी तर ती मैत्रीणच होती. घरात मला कुणी विचारायचं नाही, "शैले, तुला काय वाटतं?" मंगलमावशी विचारायची. तेवढ्यासाठी मी तिच्यासाठी जीव दिला असता.

तर एका संध्याकाळी ते दांडगं पिल्लू मडक्यातून बाहेर पडलं. पडलंच! टुणकन जमिनीवर, मग उडी, मग पंखांची फडफड आणि थेट खालच्या दांडीवर. काळी चोच, राखाडी अंग, शेपूट म्हणायला नुसती खूण. मी इतकी ओरडले की शेजारची दारं उघडली. अख्खा मजला गॅलरीत जमा. कुणी चहा मागतंय, कुणाला दिसत नाही म्हणून कुणी स्टुलावर चढतंय, बाबा सगळ्यांना "हळू, हळू" करताहेत आणि स्वतःच सगळ्यांत मोठ्यानं बोलताहेत. मंगलमावशी तर जाळीला नाक लावून म्हणाली, "अय्या, काय गोंडस आहे रे हे! याला तर खिशात घालून बँकेत न्यावंसं वाटतंय. याच्यासारखं दुसरं नाही हं!" आत्या मागे उभी होती. तिच्या कपाळाला आठी पडलेली मला दिसली, पण त्या गर्दीत कोण लक्ष देणार?

सगळे गेल्यावर आत्यानं दृष्ट काढली. मीठ, मोहरी, लाल मिरच्या मुठीत घेऊन ती गॅलरीत गेली आणि पुटपुटत, "आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची," असं करत जाळीचं दार उघडून पिल्लावरून ओवाळून आली. मग तवा तापवून त्यावर सगळं टाकलं. ठसका काही लागला नाही. "बघ," आत्या आईला म्हणाली, "वासच नाय. केवढी नजर होती!" आईनं धुराचा पंखा लावलेला होता हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. आमच्याकडे दृष्ट काढणं ही काही खास गोष्ट नव्हती. परीक्षेच्या आधी माझी निघायची, नवीन साडी नेसली की आईची, आणि बाबांना बढती मिळाली तेव्हा बाबांची. त्यामुळे मी त्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. मी आपली पिल्लाकडे बघत होते. ते आता खाली उतरून शहाण्यासारखं इकडेतिकडे चोच मारत होतं, आणि मग पाण्याच्या भांड्याकडे जाऊन पाणी प्यायलं. परत प्यायलं. परत. "बाबा, बघा ना, पहिल्याच दिवशी पाणी प्यायला शिकलं!" मी टाळ्या वाजवल्या. बाबा म्हणाले, "हुशार आहे. आपल्या घरातलं आहे ना." रात्री झोपताना मी त्याला नावं शोधत होते.

सकाळी ते मेलेलं होतं. पाण्याच्या भांड्याशेजारी, पाय वर. बाबांनी ते तळहातावर घेतलं. मी रडले, भोकाड पसरून रडले. आणि आत्यानं मोठ्यानं, चांगलं जिन्यात ऐकू जाईल असं म्हटलं, "माका म्हायत होता. दिष्ट लागली पोराक. पोटचं नाय, पाठचं नाय, अशा बाईनं असा जीव लावून बघूचा नसता." मंगलमावशी नेमकी पिल्लू बघायला वर येत होती. दारापर्यंत आली होती. तिनं ते ऐकलं. तिचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. ती वळली आणि खाली गेली. मी तिच्यामागे धावले तर दारातून म्हणाली, "शैले, मी आता वर येणार नाही. उद्या दुसरं पिल्लू बाहेर येईल, त्यालाही काही झालं तर? नको रे बाबा." आणि दार लावलं.

घरी बाबांनी निकाल देऊन टाकला. "अजून दोन आहेत मडक्यात. त्यातलं एक जरी असं गेलं, तर सगळे पक्षी मालाडला, ज्या माणसाकडून आणले त्यालाच परत. माझ्याच्यानं बघवत नाही." बाबा असं म्हणाले म्हणजे करणार, हे मला माहीत होतं. म्हणजे दुसरं पिल्लू बाहेर पडायच्या आत पहिलं कशानं गेलं ते सापडलं पाहिजे! नाही सापडलं आणि दुसरंही गेलं, तर पाखरं जाणार आणि मंगलमावशीच्या नजरेवर कायमचा शिक्का बसणार. रडणं कुठल्या कुठे पळालं. खोटं कशाला बोलू, दुःखाबरोबर मला जबरदस्त उत्साह आला होता. माझ्या जागी माझी नात असती तर तिनं दोन मिनिटांत मोबाईलवर शोधून मला वाचून दाखवलं असतं. पण मग ती मजाही तिला मिळाली नसती, असं मी तिला ऐकवते आणि ती डोळे फिरवते.

बाबा आणि मी पिल्लाला साबणाच्या डबीत, बर्फाच्या तुकड्यांवर ठेवून जनावरांच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. रांगेत आमच्या पुढे एक म्हैस आणि मागे एक खोकणारा कुत्रा. डॉक्टर तरुण होते. डबी उघडल्यावर त्यांचे डोळे चमकले. "एवढासा पेशंट मी अजून कापला नाही," म्हणाले आणि बारीक कात्री घेऊन बसले. बाबा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, मी मात्र टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून सगळं बघितलं. डॉक्टरांनी मान हलवली. "जखम नाही. किडे नाहीत. आजारी होतं असंही वाटत नाही, चांगलं पोसलेलं आहे. पण पोटात पाणीच पाणी. एवढं पाणी का प्यायलं हे? काहीतरी पोटात गेलंय याच्या. याच्यात नका शोधू आता, पिंजऱ्यात शोधा." मी रस्ताभर बाबांचा हात धरून उड्या मारत होते आणि बाबा म्हणत होते, "अगं शैले, लोक बघतायत."

धावत मंगलमावशीकडे. ती दारात उभी राहून ऐकत राहिली, आधी नाक वर करून, मग हळूच चष्मा चढवून. रहस्य समोर आल्यावर गप्प बसणं तिच्या रक्तातच नव्हतं. "वर येणार नाही मी, एक पायरी चढणार नाही. पण तू इथं येऊन सांगत जा. आधी मला सांग, त्या दिवशी काय बदललं? रोज जे असतं त्यानं नाही मेलं ते. रोजच्यापेक्षा वेगळं काय झालं ते शोध." मग काय, माझ्या जिन्यातल्या फेऱ्या सुरू झाल्या. राळा नवीन वाण्याकडचा होता! खाली धावले. "मोठी पाखरं तोच खातात ना? मग ती ठणठणीत कशी?" वर आले. डासांची अगरबत्ती! "ती रोज लावता की." वर आले. आईनं गॅलरीत फिनाईल टाकलं होतं का? आईला विचारलं, तर आई म्हणाली, "म्हणजे आता मी मारलं का? जा, अभ्यास कर." चार दिवस हेच. आत्या घावणे घालताना मला हाका मारायची, "गो बाय, काय त्या जिन्यात धावतंस? पाय मोडतलो." तिला माझ्या शोधाचा पत्ता नव्हता. ती मडक्याजवळ जाऊन उरलेल्या पिल्लांसाठी हात जोडायची, खरंच जोडायची, हे मी बघत होते.

मग तो दिवस उजाडला. मोठं पाखरू मडक्याच्या तोंडाशी बसून सारखं आत हाका मारत होतं, आणि बाबा ऑफिसला जाताना म्हणाले होते, "आज येईल बहुतेक दुसरं." आणि मला अजून काहीच सापडलं नव्हतं! मी जाळीखाली आडवी झाले, नाक जमिनीला, आणि खालच्या ट्रेमध्ये बघत राहिले. पहिलं पिल्लू गेल्यापासून बाबांनी त्या ट्रेला हात लावला नव्हता, एरवी ते रोज कागद बदलायचे. पाखरं पाण्यात डुंबायची त्यामुळे त्या कोपऱ्यातला कागद ओला, आणि सांडलेला राळा तिथं उगवून आला होता. हिरवी हिरवी बारीक पाती, गवतासारखी, एकेकच. आणि त्यांच्यामध्ये दुसरंच काहीतरी. बुटकं, दोन गोल पानांचं. मी डोळे चोळले. आम्हाला शाळेत नुकतंच शिकवलं होतं, एकदल आणि द्विदल, बाईंनी वाटीत ओल्या कापसावर दाणे उगवून आणायला लावले होते. राळ्याला एकच पातं येतं! मग हे दोन पानांचं कुणाचं? मी जाळीच्या फटीतून बोट घातलं आणि एक रोप उपटलं. मुळाशी साल चिकटलेली होती. काळी, गोल, एवढीशी. मोहरी! आमच्या पक्ष्यांना मोहरी कुणी कधी घातलीच नव्हती!

मोहरी कुठून आली? डोक्यात चर्रकन उजेड पडला आणि मी तशीच सरपटत ट्रेच्या कोरड्या बाजूला गेले. तिथं अंड्याच्या कवचाचे पांढरे कण पडलेले होते. पण सगळे कवचाचे नव्हते. काही कण चौकोनी, जरा चमकणारे. मी बोटाला थुंकी लावली, एक कण उचलला आणि जिभेवर ठेवला. आई नेमकी तेव्हाच बादली न्यायला आली. "शी! शैले! पाखरांची घाण चाटतेस? वेड लागलं का तुला?" मी उठले आणि आईच्या गळ्यात पडले. "खारट आहे गं आई! मीठ आहे! मीठ!" आईला काही कळेना. मला मात्र सगळं दिसत होतं. आत्यानं जाळीचं दार उघडून हात कोपरापर्यंत आत घातला होता. तिची बोटं वातानं वाकडी झालेली, मूठ घट्ट मिटतच नाही, भाकरी थापतानासुद्धा पीठ सांडतं. मीठ-मोहरी बोटांमधून गळली. मोठी पाखरं आपल्या भांड्यातलं सोडून खात नाहीत, पण ते बाळ, त्याला काय कळणार, आईबाप पांढरे कण टिपतात म्हणून त्यानंही टिपले. आणि मग पाणी, पाणी, पाणी. मी टाळ्या वाजवल्या होत्या!

मी जिन्याकडे पळणार, मंगलमावशीला सांगणार, तेवढ्यात मागून फडफड ऐकू आली. दुसरं पिल्लू! खाली जमिनीवर, धापा टाकत, काळी चोच उघडी. मी आनंदानं किंचाळले. माझी किंकाळी ऐकून आत्या स्वयंपाकघरातून आली, आणि तिची मूठ मिटलेली होती. या वेळी तिनं कुणी कौतुक करायची वाट बघितलीच नव्हती. ओठ हलत होते. डाव्या हातानं तिनं जाळीच्या दाराची कडी काढली.

"आत्या, नको!" मी मधे उभी राहिले, दोन्ही हात पसरून. "बाजूक हो गो," ती म्हणाली, "त्येका सांभाळूचा आसा माका." माझ्या तोंडून मग सगळं भडाभडा बाहेर पडलं. मोहरीची दोन पानं, मीठ, पाणी, डॉक्टर. रोपटं तिच्या नाकासमोर धरलं. तिनं माझ्याकडे बघितलं, रोपट्याकडे बघितलं, ट्रेकडे बघितलं. मला वाटलं आता ओरडेल. ती ओरडली नाही. तिनं जाळीचं दार हळूच लावून घेतलं, कडी घातली, नीट बसली की नाही ते ओढून बघितलं, आणि अगदी लहान आवाजात मला विचारलं, "माज्या हातान गेला ता?"

मी रोपटं धरलेला हात खाली घेतला. जिंकल्याचा सगळा उन्माद क्षणात उतरला. इतकी वर्षं झाली, पुढे मी बऱ्याच ठिकाणी बरोबर ठरले, चारचौघांत ठरले, पण बरोबर असण्याची इतकी लाज मला कधी वाटली नाही. आई पुढे झाली आणि म्हणाली, "वन्सं, तुम्ही मायेनंच केलंत ना. कुणाला माहीत होतं?" आत्यानं ऐकलं की नाही कोण जाणे. ती स्टुलावर बसली, पिल्लाकडे बघत. पिल्लू आता दांडीवर चढायची खटपट करत होतं, दोनदा पडलं, तिसऱ्यांदा चढलं. बाप पाखरू येऊन त्याला भरवून गेलं. मग आत्या उठली. पदर सारखा केला आणि चपला न घालताच दाराबाहेर पडली. मी मागून धावले. ती जिना उतरत होती, एका हातानं कठडा धरून.

मंगलमावशीची त्या दिवशी सुट्टी होती. दार उघडलं आणि समोर आत्याला बघून ती एक पाऊल मागेच सरकली. आत्या म्हणाली, "चल वर." मंगलमावशी म्हणाली, "नको आत्या. उगीच कशाला?" "चल म्हणतंय ना!" आणि आत्यानं तिचं मनगट धरलं. मी जिन्यात उभी होते, मला मधे बोलायचं होतं, सगळं सांगायचं होतं, मी तोंड उघडलंसुद्धा. आत्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी तोंड मिटलं. तिचं तिनंच सांगितलं, प्रत्येक पायरीला थांबून, धापा टाकत. "तुझी नजर नाय ती. माझा हात. मीठ सांडलंय मी त्येच्या पुढ्यात. आणि बोल तुका लावलो." मंगलमावशीनं मनगट सोडवून घेतलं नाही.

गॅलरीत आल्यावर आत्यानं तिला खांद्याला धरून जाळीसमोर उभं केलं. "बघ," म्हणाली, "डोळे भरून बघ." मंगलमावशी पिल्लाकडे बघेना. ती आत्याच्या दुसऱ्या हाताकडे बघत होती. तो हात अजून मिटलेलाच होता. खाली जाऊन वर आली तरी तिनं ती मूठ सोडली नव्हती. "आत्या," मंगलमावशी म्हणाली, "आधी ती मूठ उघडा बघू."

आत्यानं मूठ उघडली. त्या उकाड्यात मीठ घामानं पार पाघळलं होतं, मोहरी तळहाताला चिकटून बसली होती, मिरचीचा लाल रंग बोटांना लागला होता. मंगलमावशीनं तिचा हात धरून तिला मोरीपाशी नेलं, नळ सोडला आणि एकेक वाकडं बोट उलगडून, लहान मुलाचे धुवावेत तसा तो हात धुतला. आत्या उभी राहिली आणि धुवू दिला. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. मग पदराला हात पुसत ती परत जाळीशी आली, मंगलमावशीला कोपरानं ढोसलं आणि म्हणाली, "आता सांग मगे, गोड आसा की नाय? अगो, बोल! मोठ्यान बोल, खालपर्यंत ऐकू जाऊंदे!"